दात घासण्याचा खेळ

मूल सहा वर्षांचे होण्याच्या सुमारास त्याच्या जबड्यात, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, एक नवी दाढ हिरडीतून वर येऊ लागते. तिला जागा करून देण्यासाठी कोणताही दात पडलेला नसतो. म्हणून घरात तिची वार्ता कोणास लागत नाही. पुढचा पटाशीचा दात हलू लागला की सारे घर तो पाहते, पडला की तो छपरावर फेकण्याचा किंवा उंदराच्या बिळाशी नेऊन ठेवण्याचा समारंभही होतो. ही दाढ मात्र गुपचूप येते. पुष्कळ आईबाप तिला दुधाचीच समजतात आणि ती किडली तरी 'आज ना उद्या पडणारच आहे' असे म्हणून स्वस्थ बसतात. वस्तुतः ती कायमची दाढ असते. वर दोन व खाली दोन अशा या चार दाढांवर पुढील सर्व आयुष्यातील चर्वणाचा मोठा भार पडावयाचा असतो, आणि त्यांच्यापैकी एखादी गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

या दाढेचा माथा सपाट नसतो. त्यावर खोल चिरा असतात व त्यांत अन्नाचे कण सहज अडकून राहतात. शिवाय पूर्ण वर येईपर्यंत कित्येक महिने ती शेजारच्या दाढांहून ठेंगणी असते, त्यामुळे ब्रश फिरला तरी तो वरच्यावर निघून जातो. हे सर्व घडते ते मुलाच्या हातास ब्रश नीट चालविता येत नाही अशा वयात. तेव्हा मूल रात्री आनंदाने तोंड उघडते की ओठ घट्ट मिटून रडते, हा प्रश्न केवळ घरातील शांततेचा राहत नाही.

दात किडतो तो कशाने

दातात किडा शिरतो व तो दात पोखरतो अशी समजूत जगातील अनेक लोकांत प्राचीन काळापासून होती. आपल्या भाषेतील 'कीड लागणे' हा शब्दप्रयोगही तीच समजूत सांगतो. हॉलंडमधील डेल्फ्ट या गावच्या आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने 1683 मध्ये आपल्या दातांवरील पांढरा थर काढून स्वतः बनविलेल्या भिंगाखाली पाहिला, तेव्हा त्यात त्यास असंख्य सूक्ष्म जीव वळवळताना दिसले. लेव्हेनहूक दात मिठाने घासून स्वच्छ ठेवीत असे, तरीही हे जीव तेथे होतेच. परंतु या जीवांचा व दात किडण्याचा संबंध उलगडण्यास आणखी दोनशे वर्षे जावी लागली. बर्लिन येथे काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने 1890 मध्ये असे प्रतिपादन केले की, तोंडातील जंतू पिष्टमय व गोड पदार्थांचे आम्ल बनवितात आणि ते आम्ल दाताचे खनिज विरघळविते. पुढे 1924 मध्ये लंडनमध्ये क्लार्क याने किडलेल्या दातांतून ज्या गोलाकार जंतूंची जात वेगळी केली, ती 'स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स' या नावाने आज सर्वत्र ओळखली जाते. दातात किडा नसतो हे खरे. पण तेथे जीव असतात ही जुनी शंका अगदीच निराधार नव्हती.

दाताचे बाह्य कवच म्हणजे दंतवल्क. शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ तो हाच, व त्याच्या वजनाचा सुमारे 96 टक्के भाग खनिजाचा असतो. एवढे असूनही त्याची एक मोठी उणीव आहे. दात हिरडीबाहेर येईपर्यंत दंतवल्क तयार करणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात. त्यामुळे हाड जसे मोडून पुन्हा सांधते तसे दंतवल्काचे होत नाही. त्यात भोक पडले की ते पडलेच. दुधाच्या दातांवर तर हे कवच पातळ असते, आणि म्हणून लहान मुलांची कीड आतल्या नाजूक भागापर्यंत फार लवकर पोहोचते.

आम्लतेचे माप म्हणजे सामू. दातावरील थरात तो सुमारे 5.5 च्या खाली उतरला की दंतवल्कातील खनिज बाहेर पडू लागते. स्टीफन या अमेरिकन संशोधकाने 1940 नंतरच्या दशकात दाखवून दिले की, साखरेच्या पाण्याने चूळ भरताच काही मिनिटांतच थरातील आम्लता वाढते व ती पूर्ववत होण्यास अर्धा ते एक तास लागतो. या अवकाशात लाळ आपले काम करीत असते. ती आम्ल सौम्य करते व गेलेले खनिज थोडेथोडे परत आणून देते. मूल दिवसातून तीनचार वेळा खात असेल तर लाळेस पुरेसा वेळ मिळतो; पण ते दर अर्ध्या तासाने एक गोळी चघळीत असेल तर तो मिळत नाही. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळील व्हिपेहोल्म या संस्थेत 1945 पासून काही वर्षे चाललेल्या प्रयोगातून हीच गोष्ट निर्विवादपणे पुढे आली. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने थोडे नुकसान होते व जेवणांच्या मधल्या वेळी खाल्लेल्या चिकट मिठाईने फार मोठे होते, असे आढळले. हा प्रयोग मंदबुद्धी रहिवाशांवर, त्यांच्या संमतीवाचून, त्यांचे दात किडतील अशा रीतीने करण्यात आला होता. आज त्याचा उल्लेख वैद्यकीय अन्यायाचे उदाहरण म्हणूनच होतो. त्या ज्ञानाची किंमत ज्यांनी दिली त्यांस तिची कल्पनाही नव्हती. स्वीडनमधील मुलांना मिठाई आठवड्यातून एकदा, शनिवारी देण्याची जी रीत पडली, तिचे मूळ या निष्कर्षांत आहे.

रात्री झोपेत लाळ फारच कमी सुटते. म्हणून दिवसातून दोन वेळा दात घासावयाचे असले तरी त्यांपैकी झोपण्यापूर्वीची वेळ अधिक महत्त्वाची होय. भारतातील बहुतेक घरांत नेमके उलटे चालते. सकाळचे दात घासणे धर्मकृत्यासारखे पाळले जाते आणि रात्री मूल दुधाचा गोड पेला पिऊन तसेच झोपी जाते. तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपणाऱ्या तान्ह्या मुलांचे वरचे पटाशीचे दात सर्वांत आधी तपकिरी होतात. खालचे मात्र जिभेच्या आडोशाने व लाळेच्या सान्निध्याने बरेचसे वाचतात.

हात, ब्रश आणि वय

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, आणि दात घासण्याचा आरंभही तेव्हाच व्हावयास हवा. अडीच ते तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीसही दात आलेले असतात. आता मुलास ब्रश स्वतःच्या हातात हवा असतो व तो त्यास द्यावा हेच योग्य. परंतु मनगट वळवून दाढेच्या आतील बाजूस ब्रश टेकविणे हे काम अक्षर वळविण्याइतकेच अवघड आहे. सात ते आठ वर्षांपूर्वी ते बहुतेक मुलांस साधत नाही. बुटाची नाडी ज्यास स्वतः बांधता येते, त्याच्यावर दातांचे काम सोपवावयास हरकत नाही, असा एक सोपा अडाखा दंतवैद्य सांगतात. तोपर्यंत मुलाने घासावे व नंतर मोठ्या माणसाने पुन्हा एकदा घासून द्यावे.

जपानमध्ये या दुसऱ्या घासण्यास स्वतंत्र नाव आहे. त्याचा अर्थ 'शेवटचा हात फिरविणे' असा होतो. आई जमिनीवर बसते, मूल तिच्या मांडीवर डोके ठेवून उताणे पडते, आणि वरून सर्व दाढा तिला स्वच्छ दिसतात. जपानी आकाशवाणी व दूरचित्रवाणी संस्थेच्या, 1959 मध्ये सुरू झालेल्या, बालकांच्या कार्यक्रमात दात घासण्याचे गाणे लागते व त्यात लहान मूल स्वतः घासते आणि नंतर पालक त्याचे दात घासून देतात, असे दाखविले जाते. ही पद्धत आपल्याकडील घरांस परकी वाटण्याचे कारण नाही. मांडीवर डोके घेऊन मुलास तेल लावणे, डोळ्यांत काजळ घालणे ही कामे आपल्या आया व आज्या पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. आरशासमोर उभे राहून पाठीमागून मुलाचा जबडा धरण्यापेक्षा ही मांडीची बैठक कितीतरी सोईची.

घासण्याची रीत कोणती शिकवावी? अमेरिकेतील ब्रिजपोर्ट या गावी आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्याने 1913 मध्ये दंतस्वच्छतेचे शिक्षण देणारे वर्ग काढले आणि पुढील वर्षापासून तेथील शाळांतील मुलांस वर्गावर्गांतून दात घासण्याचे पाठ मिळू लागले. त्याच्या नावाने ओळखली जाणारी, लहान लहान वर्तुळे काढीत घासण्याची रीत मुलांसाठी अजूनही सर्वांत सोपी ठरते. दात मिटून बाहेरच्या बाजूने गाडीच्या चाकासारखी वर्तुळे, मग तोंड उघडून आतल्या बाजूने, शेवटी दाढांच्या माथ्यावर मागेपुढे. आडवा करवतीसारखा ब्रश ओढण्याने हिरडीजवळ दात झिजतो. ब्रशाचे केस मऊ असावेत. 1938 मध्ये नायलॉनचे केस निघण्यापूर्वी डुकराचे राठ केस वापरीत असत, तेव्हा मऊपणाची निवड फारशी करता येत नसे. आज ती करता येते.

सुश्रुतसंहितेत दंतकाष्ठ बारा अंगुळे लांब, करंगळीइतके जाड, सरळ व गाठी नसलेले असावे, असे सांगितले आहे. कडुनिंब, बाभूळ, करंज यांची काडी आजही देशाच्या अनेक भागांत वापरतात, व ती नीट चावून कुंचला करता येणाऱ्या मोठ्या माणसास उपयोगी पडते. चार वर्षांच्या मुलाच्या जबड्यात तेवढे बळ नसते. राख, कोळसा किंवा विटेची पूड बोटाने चोळणे तर सर्वथा वर्ज्य होय. त्याने डाग जातात ते दंतवल्कासह. याहून गंभीर गोष्ट मिश्रीची. महाराष्ट्रात भाजलेल्या तंबाखूची मिश्री, छत्तीसगढ व ओडिशा या भागांत गुडाखू, बिहारकडे गुल, अशी नावे वेगळी; पण पदार्थ एकच. दंतमंजनात तंबाखू घालण्यास भारत सरकारने 1992 मध्ये बंदी केली, परंतु घरी भाजलेल्या मिश्रीस कायदा कोठवर अडविणार? आई जे बोटावर घेते तेच मूल मागते. दात घासण्याचा खेळ ज्या घरात शिकवावयाचा, त्या घरातील मोठ्यांचे डबेही तपासले पाहिजेत.

पेस्टचे प्रमाण हा आणखी एक दुर्लक्षित विषय. फ्लोराइड दंतवल्कातील खनिज आम्लास अधिक दाद न देणारे बनविते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये फ्लोराइडयुक्त पेस्टचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला तो याच कारणाने. परंतु कायमच्या पुढच्या दातांची घडण चारपाच वर्षांपर्यंत जबड्याच्या आत चालू असते. या काळात मुलाच्या पोटात फ्लोराइड अधिक गेले तर ते दात पुढे पांढऱ्या वा तपकिरी डागांचे येतात. आंध्र प्रदेशातील नेल्लोर जिल्ह्यात पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडाचे दुष्परिणाम 1937 मध्येच नोंदले गेले होते. राजस्थानातील अनेक भागांत व महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांतही हा प्रश्न आहे. अशा ठिकाणी पेस्ट कोणती वापरावी हे दंतवैद्यास विचारून ठरवावे. इतरत्र तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी व पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातींत ब्रशावर टोकापासून टोकापर्यंत जो लाटेसारखा पट्टा काढलेला दिसतो, तो विक्रीसाठी असतो. फळांच्या चवीच्या पेस्टने मूल राजी होते खरे, पण ते ती खाऊही लागते. म्हणून पेस्ट नेहमी मोठ्या माणसानेच लावून द्यावी. घासून झाल्यावर थुंकावे, मात्र चुळा भरभरून सारी पेस्ट धुऊन टाकू नये.

खेळ कसा मांडावा

लहान मुलास 'दात किडतील' हे भय दाखविणे निरुपयोगी असते. चार वर्षांच्या मुलास उद्याचीच कल्पना पुरती नसते, मग पाच वर्षांनंतरच्या दाढेची कोठून असणार? त्यास आता, या क्षणी, करण्यासारखे काही हवे असते. मुलांच्या दंतवैद्यकात 1959 मध्ये अ‍ॅडलस्टन याने मांडलेली एक साधी पद्धत आजही प्रमाण मानली जाते : आधी सांगावे, मग दाखवावे, मग करावे. घरी ती बाहुलीवर चांगली साधते. मूल बाहुलीचे दात घासते, मग आईचे किंवा बाबांचे घासते, आणि मग 'आता तुझी पाळी' हे शब्द त्यास अन्यायाचे वाटत नाहीत. वडिलांच्या तोंडात ब्रश घालावयास मिळणे ही मुलाच्या दृष्टीने फार मोठी सत्ता असते. ती थोडा वेळ त्यास भोगू द्यावी. मात्र त्यासाठी निराळा ब्रश ठेवावा.

दोन मिनिटांचा काळ कसा मोजावा? दुधाचे दात वीस. प्रत्येक दातास सहा अंक दिले, तीन बाहेरून व तीन आतून, तर 120 अंक होतात; सेकंदास एक याप्रमाणे सावकाश मोजले की बरोबर दोन मिनिटे भरतात. दाढांच्या वेळी सहा अंक बाहेरून, आतून व माथ्यावर असे दोन दोन वाटावेत. मोजणी आजोबांनी करावी व मुलाने त्यांस चुकताना पकडावे, एवढ्याने खेळ उभा राहतो. मुद्दाम अकरानंतर तेरा म्हटले की तोंडात ब्रश असलेले मूल मान हलवून हरकत घेते. मोजण्याऐवजी घरात म्हटले जाणारे कोणतेही बडबडगीत चालते. फक्त ते सावकाश म्हणावे, कारण गाणे लवकर संपविण्याचा मोह मोठ्यांसच अधिक होतो. दातांस नावे द्यावीत. शेवटच्या दाढा म्हणजे गुहेतील अस्वले, सुळे म्हणजे वाघ, असे काही ठरविले की 'आज डावे अस्वल निजले नाही' म्हणून मागची बाजू पुन्हा घासता येते. सिंहासारखे तोंड उघडण्यास सांगितले तर दाढा दिसतात, आणि माकडासारखे दात विचकण्यास सांगितले तर पुढचे दात. प्रत्येक घरात ही नावे निराळी निघतील व तीच अधिक टिकतील.

सहासात वर्षांच्या मुलांस खेळापेक्षा शोध अधिक आवडतो. त्यांच्यासाठी बीटाच्या रसाचा प्रयोग करावा. बीटाचा लाल रस तोंडात घोळवून थुंकला आणि पाण्याने हलकी चूळ भरली की जेथे चिकट थर राहिला आहे तेथे रंग धरून राहतो. दंतवैद्य याच कामासाठी एरिथ्रोसिन या रंगाच्या गोळ्या वापरतात. मुलाने आरशात पाहून लाल ठिपके शोधावेत व ते जाईपर्यंत घासावे. वर्गात शिक्षकांस अंड्याचा प्रयोग करता येईल. अंडे व्हिनेगरमध्ये एक दिवस ठेवले की त्याचे कवच विरघळते व अंडे मऊ पडते. अंड्याचे कवच व दंतवल्क यांतील खनिजे वेगळी आहेत, हे मुलांस स्पष्ट सांगावे. तरीही कठीण वस्तू आम्लाने कशी हरते हे त्यातून डोळ्यांना दिसते.

बक्षिसांविषयी मात्र सावधपणा हवा. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी 1973 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रे काढण्याची मुळात आवड असलेल्या काही मुलांस 'चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल' असे आधी सांगण्यात आले. पुढे बक्षीस नसताना तीच मुले इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढू लागली. जे काम मुलास आपले वाटत होते ते मोबदल्याचे झाले. दात घासणे मुलास आरंभी प्रिय नसते, तेव्हा दिनदर्शिकेवर रोज एक चांदणी काढण्यासारखे साधे चिन्ह सुरुवातीस उपकारक ठरेल. पण रोजचे चॉकलेट, आणि तेही दात घासल्याबद्दल, हा सौदा कोणत्याही हिशेबाने परवडणारा नाही. मोबाईलवरील चलचित्र दाखवून तोंड उघडावयास लावण्याची युक्तीही अलीकडे फार दिसते. मूल पडद्यात गुंगते व दात त्याच्या नकळत घासले जातात. दात स्वच्छ होतात, पण सवय लागत नाही.

एखाद्या रात्री मूल काही केल्या तयार होत नाही. अशा वेळी हात धरून, जबडा दाबून घासल्याने एक रात्र जिंकली जाते व पुढच्या अनेक हरल्या जातात. दोन गोष्टींपैकी एक निवडण्यास द्यावी. निळा ब्रश की पिवळा, मांडीवर की खाटेवर, आधी वरचे की खालचे? घासावयाचे की नाही, हा पर्याय मात्र त्यांत नसावा. खेळाच्या भरात एक दक्षता घ्यावी : तोंडात ब्रश असताना मुलास पळू अथवा उड्या मारू देऊ नये. पडल्यास ब्रशाचा दांडा टाळूत घुसून गंभीर इजा होते.

शाळेतील रांग

घरी जे एकट्याने जड जाते ते रांगेत सोपे होते. स्कॉटलंडमध्ये बालवाड्यांतून मुलांस रोज शिक्षिकेच्या देखरेखीखाली फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावयास लावण्याची योजना या शतकाच्या आरंभापासून विस्तारत गेली व 2006 पासून ती 'चाइल्डस्माइल' या मोठ्या कार्यक्रमाचा भाग झाली. पुढे हिशेब केला तेव्हा, किडलेल्या दातांवरील उपचारांचा जेवढा खर्च वाचला तो या योजनेच्या खर्चाहून अधिक भरला. फिलिपाइन्समध्ये तर मोठ्या इमारती किंवा दंतवैद्य यांची वाट न पाहता, प्राथमिक शाळांतील मुले रोज एकत्र हात धुतात व अंगणात उभी राहून दात घासतात. छिद्रे पाडलेल्या लांब नळीतून पडणारे थोडे पाणी तेथे पुरते.

भारतीय दंत परिषदेने 2002-03 मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक मुलांच्या दातांत कीड आढळली होती. या वयाची मुले अंगणवाडीत किंवा बालवर्गात असतात, तेथे ती जेवतात व हात धुतात. त्यात दोन मिनिटांची भर घालण्यास फार साधने लागत नाहीत. प्रत्येकाचा ब्रश निराळा असावा व त्यावर नाव किंवा, ज्यांस वाचता येत नाही त्यांच्यासाठी, मोर, बैल, होडी अशी खूण असावी. ब्रश उभे, उघड्या हवेत, एकमेकांस न टेकतील असे ठेवावेत. डब्यात ओले कोंबू नयेत. पेस्टचा ठिपका बाईंनी प्रत्येक मुलासाठी बशीच्या कडेवर वेगळा ठेवावा, म्हणजे नळी ब्रशांना लागत नाही. केस वाकडे झाले की, अथवा तीन महिन्यांनी, ब्रश बदलावा. पाण्याचे दुर्भिक्ष असल्यास एका मुलास अर्धा पेला पुरतो, आणि मुलांनी थुंकावयाचे ते झाडांच्या आळ्यात नव्हे तर एका बादलीत, म्हणजे तोंडाचे पाणी अंगणभर होत नाही.

अशा रांगेत पहिल्या आठवड्यात गोंधळ होतो, कोणी पेस्ट चाटते, कोणी शेजाऱ्याचा मोर पळविते. दुसऱ्या आठवड्यात मुले स्वतःच मोजू लागतात. शनिवारी मात्र पालकांस एकदा बोलावून, मुलाचे तोंड उजेडाकडे करून, मागची ती सहाव्या वर्षीची दाढ आली आहे का हे बोटाने दाखवून द्यावे.